साडेतीन सेंटिमीटर

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की दहाव्या मिनिटाला आपलं भांडण होतं आणि वहिनीला मधे पडावं लागतं, म्हणून कामाचं काही असलं की लिहायचं हे आपलं ठरलेलं आहे. आज कामाचंच आहे. आधी सांगते, मला काहीही झालेलं नाही. हनुवटीवर एक ओरखडा आहे, तेवढाच. आता पुढचं वाच.

परवा, अठरा तारखेला, तुमच्या शहरात एका शाळेच्या काचा पोचवायला आले होते. प्रयोगशाळेच्या अकरा खिडक्या, सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या, कापायला मला चार दिवस लागले. बाबांची गाडी तुला माहीतच आहे. बाजूच्या तिरक्या चौकटीवर काचा उभ्या, मधे जुनी पांघरुणं, तीन जागी पट्टे आवळलेले. सावकाश चालले होते, कारण मागून भोंगे वाजवणाऱ्यांना मी कधीच भीक घालत नाही. आणि डावं चाक धाडकन खड्ड्यात गेलं. पुढच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, चाकाची रिम वाकली, आणि काचांचा जो आवाज झाला तो अजून कानातून जात नाही. अकराच्या अकरा गेल्या. रस्त्यावर बसून तुकडे वेचताना मला रडू आलं, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

गाडी ओढून आणून इथल्या गॅरेजात लावली आहे. गॅरेजवाला म्हणाला की अशा वेळी रस्तेखात्याकडे भरपाई मागता येते, पण देत कोणी नाही. मी म्हटलं, आमच्या घरचाच माणूस गेली अठ्ठावीस वर्षं त्या खात्याचे रस्ते तपासत हिंडतोय, त्याला विचारते. तर विचारते. अर्ज कसा करायचा? आणि खड्ड्यांवर देखरेख करणाऱ्यांच्या बहिणीला काही सवलत आहे का?

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे, गाडी मात्र आहे तशी राहायला नको.

तुझी भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. काचा पुन्हा कापता येतील, तू धड आहेस हे महत्त्वाचं. सवलत नाही. उलट माझी बहीण म्हणून तुझा अर्ज दोनदा तपासतील, तेव्हा तो बिनचूक कर.

आमच्याकडे नियम असा. खड्डा चार सेंटिमीटर किंवा त्याहून खोल असेल तरच तो खड्डा. त्याहून कमी असला तर तो नुसता खोलगटपणा, त्याची जबाबदारी खातं घेत नाही. खोली मोजायची रीत अशी की खड्ड्यावर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि तळापासून पट्टीपर्यंत माप घ्यायचं. तसा फोटो हवा. गाडीचे फोटो, गॅरेजवाल्याच्या सहीचा कागद आणि तुटलेला पाटाही जपून ठेव. भंगारात घालू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे. कुठल्या रस्त्यावर झालं ते तू मला लिहिलं नाहीस, अर्जात मात्र जागा अगदी नेमकी लिही.

अर्ज आला की त्या भागाच्या निरीक्षकाची नोंदवही काढतात. त्याने खड्डा नोंदलेला असेल आणि तरी बुजवला नसेल, तर भरपाई मिळतेच. म्हणून सांगतो, घाबरू नकोस. आम्ही लोक दर पंधरवड्याला रस्ता पायी तपासतो. सगळं खातं झोपा काढत असलं तरी नोंदवही झोपत नाही.

मी ठणठणीत आहे. तुझी वहिनी तुझ्या हनुवटीला काय लावायचं ते वेगळं कळवणार आहे, ते न लावताही बरी होशील. तुझ्यावरची माया कमी व्हायची नाही, मधे मधे भांडलीस तरी चालेल.

तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या खात्याचं उत्तर आलं. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तेव्हा अक्षर वाईट आलं तर समजून घे.

बाजारामागचा रस्ता, छापखान्यासमोर, विजेच्या खांबापासून दीड मीटर, इतकी नेमकी जागा मी दिली होती. तू सांगायच्या आधीच, त्याच दिवशी, मी काच कापायची सागवानी पट्टी खड्ड्यावर आडवी ठेवून माप घेतलं होतं. ती पट्टी गाडीत असतेच. सात सेंटिमीटर तीन मिलिमीटर. फोटोत आकडा स्वच्छ दिसतोय. आणि हे म्हणतात, सतरा तारखेला, म्हणजे आदल्या दिवशी, निरीक्षकाने खोली साडेतीन सेंटिमीटर नोंदवली आहे, म्हणून तो खड्डा नाही, म्हणून अर्ज नामंजूर. एका रात्रीत रस्ता दुपटीने खचला म्हणायचं! साडेतीन म्हणजे माझ्या मापाचं निम्मंसुद्धा नाही. अशा मापाने मी काच कापली तर गिऱ्हाईक ती माझ्याच डोक्यात घालेल.

दादा, हा कोण माणूस असेल रे? तू म्हणतोस पायी तपासतात. हा पायी गेलाच नसणार. चहा पीत बसल्या जागी आकडा टाकला असणार. नोंदीखाली नाव नाही, फक्त क्रमांक आहे. मी अपील करणार आहे. अपिलात निरीक्षकाला समोर बोलवा अशी मागणी करता येते, असं त्याच कागदाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय. मला त्याला समोर बसवून एकदा विचारायचंय की बाबा रे, तू कधी खाली वाकून पाहिलंस तरी का.

इकडे गाडी अजून गॅरेजातच आहे. भाड्याच्या टेम्पोवर काचा नेते आणि सगळी वाट जीव मुठीत धरून बसते. शाळेने दुसऱ्या काचवाल्याला काम दिलं. त्यांचंही बरोबर आहे, मुलं किती दिवस पुठ्ठे लावलेल्या खिडक्यांशी बसणार. असे आणखी दोन महिने गेले तर माझ्या कारागिराला मला दुसरं काम बघ म्हणावं लागेल. तो बाबांच्या वेळचा आहे, हे माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्या ओळखीतला असेल हा निरीक्षक तर त्याचं नाव कळव. लोभ असेलच, राग तेवढा त्या माणसावर आहे.

तुझी भिंगरी

२३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. अपील जरूर कर. निकालाच्या तारखेपासून तीस दिवसांची मुदत असते, ती चुकवू नकोस. फोटोची मूळ प्रत जोड.

माझ्याकडे सध्या काम जास्त आहे, म्हणून हे थोडक्यात. कारागिराला काढू नकोस.

तुझा दादा

२५ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुम्हाला मी एरवी लोणी लावल्यासारखी पत्रं लिहीत नाही आणि आजही लिहिणार नाही. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं आजवर कधी केलं नव्हतं.

तुम्ही ज्याचं नाव विचारलंत तो निरीक्षक म्हणजे हेच. डिसेंबरात ह्यांनी तो भाग स्वतः मागून घेतला. जुन्या भागात चढ होते, हा सपाट आहे. तुम्हाला कळवलं नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. ह्यांचा उजवा गुडघा दीड वर्षापासून वाकत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उकिडवं बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही. कचेरीत हे कोणाला ठाऊक नाही. कळलं तर रस्त्यावरून काढून टेबलावर बसवतील, आणि निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.

म्हणून ह्यांनी एक काठी केली आहे. तिच्या टोकाला मोजपट्टी बसवली आहे. उभ्या उभ्या ती खड्ड्यात सोडायची, रस्त्याची कड नजरेने धरायची आणि आकडा लिहायचा. हे त्या सतरा तारखेला तिथे गेले होते हो. चहा पीत बसले नव्हते. तुमचं पत्र वाचून त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसले. काठी बहुधा खड्ड्यातल्या दगडावर टेकली, एवढंच मला म्हणाले. नंतर जेवले नाहीत.

तुम्हाला उत्तर लिहायला चार वेळा बसले. तीन कागद मी टोपलीतून उचलले आहेत. तिन्हींवर तुमच्या नावापुढे काही नाही.

अपील मागे घ्या असं मी म्हणणार नाही. तुमचं नुकसान खरं आहे आणि माप तुमचंच बरोबर आहे. पण समोर कोण बसेल ते तुम्हाला आधी माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं. हा माणूस घरी आला की मला रस्त्याच्या गोष्टी सांगतो. कुठलं झाकण वाजतं, कुठे पाइप गळतोय, कुणाच्या दुकानासमोर फरशी उचकटली. ते बंद झालं तर आम्ही दोघं संध्याकाळी काय बोलणार, मला समजत नाही.

ह्यांना माझ्या पत्राचं कळू देऊ नका. तुमचा जीव आमच्यात आहे हे मला ठाऊक आहे, मागायचं असं काही नाही.

तुमची वहिनी

३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक गंमत सांगते. रागाच्या भरात मी तुझ्या खात्याच्या नावाने इतकी बोटं मोडली आणि आता तोंडघशी पडले. गॅरेजवाल्याने पाटा पुसून दाखवला, तर त्याला आधीचाच तडा होता. आणि मला आता आठवतंय, त्या दिवशी मागचा पट्टा मी नीट आवळलाच नव्हता. घाई होती. वेगही थोडा जास्तच होता. तेव्हा खड्ड्याला कशाला दोष द्यायचा? आपलाच गाढवपणा. अपील केलं होतं, ते मागे घेत असल्याचं पत्र कालच खात्याला पाठवून दिलं. झंझट नको.

गाडीचं मी बघते. गॅरेजवाला दुसऱ्या मोडलेल्या गाडीचा पाटा बसवून देतो म्हणालाय. कारागिरालाही सांगितलंय, एक महिना कळ काढ. तो हसला आणि म्हणाला की बाबांच्या वेळी त्याने चार महिने काढली होती.

तू कसा आहेस? जिने जपून चढत जा. उन्हात फार चालू नकोस, आता वय झालं. निरीक्षक बिरीक्षक सगळं विसरून जा, मी रागात काहीही लिहिते.

वहिनीला नमस्कार सांग. माझ्यावर लोभ ठेव, पूर्वी होता तितका पुरे.

तुझी भिंगरी

१४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

बाबांच्या हाताखाली शिकलेली तू, आणि पट्टा सैल? मांजर पेटीत घालून न्यायचं झालं तरी तू तिला तीन पट्टे बांधशील. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तू मला जपून चाल म्हणालीस. तेव्हाच समजलो की तुझ्या वहिनीने पत्र लिहिलं. तिला काही बोललो नाही. रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. तिच्यावर, तुझ्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. तू मला कामचोर ठरवलंस तेव्हा लागलं होतं, पण तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस ते त्याहून जास्त लागलं.

तुझं अपील मागे घेतल्याचं पत्र कुठे आलं असेल? माझ्याच टेबलावर. निरीक्षकाचा अभिप्राय घ्यावा, असा वर शेरा. मी ‘हरकत नाही’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर फाईल त्याच दिवशी बंद झाली असती. पेन उघडलंही होतं. मग वाटलं, एकदा जाऊन यावं.

छापखान्यासमोर गेलो. खड्डा होता तिथेच आहे. बुजवणार कोण? माझ्या नोंदीप्रमाणे तो खड्डाच नाही. पाच मिनिटं उभा राहिलो असेन. दुचाकीवर एक बाई, पुढ्यात दोन वर्षांची मुलगी. चाक त्यात गेलं आणि गाडी कलंडली. बाईने पाय टेकवून कशीबशी सावरली, मुलगी किंचाळली. त्या दोघींना काही झालं नाही. तुझ्या काचांचं मी इतके दिवस मनाशी जमवून घेत होतो, की नुकसान झालं, आपण दोघं मिळून भरून काढू. ती मुलगी माझ्या कुठल्याही हिशेबात बसेना.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीला घेऊन गेलो, बरोबर लाकडी पट्टी नेली. ती गाड्या थांबवायला हात करून उभी राहिली आणि मी खाली बसलो. कसा बसलो ते विचारू नकोस. तळाशी सैल दगड होता, मुठीएवढा. तो काढला आणि मापलं. आठ सेंटिमीटर. माझ्याच्याने उठवेना. छापखान्यातल्या दोघांनी काखेत हात घालून मला उभं केलं, एकाने आत नेऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसवलं. तुझी वहिनी माझ्या पँटचा गुडघा झटकत होती आणि रडत होती.

अभिप्रायात सगळं लिहिलं. काठी, दगड, गुडघा, आणि अर्जदार माझी सख्खी बहीण आहे, तिचं मागे घेण्याचं कारण खोटं आहे, मूळ दावा खरा आहे. साहेबांनी दार लोटून घेतलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. अठ्ठावीस वर्षांत एक डाग नाही, फाडून टाका, म्हणाले. भले गृहस्थ आहेत. मी फाडला नाही. आता तुझं खोटं आणि माझं खोटं एकाच फाईलीत लागलं आहे. तुला एवढंच करायचंय, माघारीचं पत्र चुकीच्या कारणाने दिलं होतं असं लिहून पाठव. अपील पुन्हा चालू होईल, आणि निर्णय दुसऱ्या कचेरीतले लोक देतील.

माझं सांगतो. डॉक्टरी तपासणी झाली आणि मला आत बसवलं. काठी केल्यापासूनच्या माझ्या चारशे बारा नोंदी आहेत. त्या सगळ्या दोन तरुण निरीक्षक मुली पुन्हा मोजताहेत. रोज संध्याकाळी येऊन किती चुकल्या ते सांगतात. आतापर्यंत नव्वदांत सहा. चांगल्या आहेत दोघी, मान खाली घालून सांगतात. मी दहाला बसतो, पाचला उठतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. कागद इकडून घ्यायचा, तिकडे द्यायचा. संध्याकाळी घरी गेलो की तुझी वहिनी विचारते आज काय झालं, आणि मला सांगण्यासारखं काही सापडत नाही. करायचं ते केलं, त्याचं वाईट वाटत नाही. पण आता माझं माप खरं कोण धरणार, हा विचार डोक्यातून जात नाही.

तुझ्यावर रागावलो होतो तो राग गेला. लोभाचं तू मागून घेऊ नकोस, तो आधीपासून तुझ्याच नावावर आहे.

तुझा दादा

१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. कारागिराने स्टूल आणून दिलं तेव्हा कळलं की मी किती वेळ उभी आहे. मी तुला काय काय लिहिलं होतं रे. खाली वाकून पाहिलंस का, हे मी तुलाच विचारलं होतं. माफ कर, असं आपण एकमेकांना कधी म्हणत नाही, आज म्हणते.

तू सांगितलंस तसं पत्र कालच खात्याला पाठवलं. पट्टा आवळलेला होता, पाट्याला तडा नव्हता, वेग नेहमीचा होता आणि मी खोटं लिहिलं होतं, सगळं सहीनिशी. निर्णय काय येईल तो येवो. गाडीला जुना पाटा बसला आहे, कुरकुरते पण चालते. काल छापखान्यावरून गेले. खड्डा बुजवलाय. मी थांबून उतरले आणि त्यावर माझी पट्टी ठेवून पाहिली. सपाट आहे. मागचे भोंगे वाजवत होते, वाजवू दिले.

आता माझं काम ऐक, आणि दया दाखवते असं मनात आणलंस तर आपलं मोठं भांडण होईल. तुमच्या शहरात एका जुन्या वाचनालयाच्या बावीस खिडक्यांचं काम मिळतंय. खिडक्या माझ्या दीडपट उंच आहेत. जुन्या चौकटी कुठेच काटकोनात नसतात, त्यामुळे प्रत्येकीचं माप दोन्ही कडांना आणि दोन्ही कर्णांना घ्यावं लागतं. बाबा होते तेव्हा वरचं टोक ते धरायचे आणि खाली बसून खालचं मी. एकदा त्यांनी आकडा वाचायचा, एकदा मी, आणि दोघांचा जुळला तरच लिहायचा. जुळला नाही तर पुन्हा. ते गेल्यापासून मी एकटी शिडीवर चढते, टेपचं टोक चिकटपट्टीने अडकवते आणि एकदाच वाचते. गेल्या वर्षी सात काचा चुकल्या. तुला सांगितलं नव्हतं. तुझ्याकडे काठी होती, माझ्याकडे चिकटपट्टी आहे.

कारागीर चांगला आहे, पण त्याला आता वरचं बारीक दिसत नाही. तुझी उंची आहे, नजर आहे, आणि चुकलं तर चुकलं म्हणण्याची हिंमत आहे. ती मला कुठून विकत मिळायची? वाकायचं काम एकही नाही, खाली मी बसेन. तू वाचलेला आकडा मी तपासणार आणि मी वाचलेला तू. भाऊ म्हणून एक मिलिमीटर सोडणार नाही. मजुरी देईन, ती मुकाट्याने घ्यायची.

रविवारी सकाळी साडेआठला गाडी तुझ्या दारात असेल. वहिनीलाही घेऊन ये, आकडे तिने लिहायचे. टेपचं वरचं टोक तू धर.

लोभ आहेच, तो मोजायला नको.

तुझी भिंगरी